रमन्याचं रमन्याले

आश्विन लागला की माझं डोकं फिरतं. घरातल्यांना हे आता पाठ झालंय. सून चहाचा कप टेबलावर ठेवते आणि लगेच आत जाते. नातू म्हणतो, "आजोबांचं गवत पिकलं." त्याला वाटतं मला ऐकू येत नाही. मला सगळं ऐकू येतं.

यंदा निमित्त झालं आमच्या वर्ध्याच्या इमारतीपुढच्या हिरवळीचं. हिरवळ म्हणजे चार खाटा मावतील एवढा तुकडा. सेवाग्रामच्या बाजूनं सायकलीवर येणारा माळी, सुरेश त्याचं नाव, सकाळी सकाळी त्यावर पांढरे दाणे मुठीमुठीनं फेकत होता. मी बनियनवरच खाली उतरलो.

"काय टाकतोस रे?"

"युरिया जी. आठ दिवसात पाहा, कसं हिरवंगार होते."

"कोणी सांगितलं टाकायला?"

"सोसायटीवाल्यायनं. अजी आजोबा, तुमच्या जमान्यात नव्हतं काय हे?"

त्याचा प्रश्न साधा होता. मी मात्र त्या बिचाऱ्यावर असा ओरडलो, की दुसऱ्या मजल्यावरच्या बाई गॅलरीत आल्या. खरं उत्तर असं होतं, की युरिया नव्हता, पण त्याचा थोरला भाऊ होता, अमोनियम सल्फेट. आणि आमच्या भागातल्या एका गवताच्या रानात तो पहिल्यांदा मुठीनं फेकणारा माणूस मीच होतो.

वर येऊन खुर्चीत बसलो तरी राग उतरला नव्हता. आणि तो राग सुरेशवरचा नव्हता.

आश्विनातल्या गवताचा वास ज्यानं घेतलाय त्याला तो शब्दांत सांगावा लागत नाही, आणि ज्यानं घेतला नाही त्याला सांगून उपयोग नाही. तरी सांगतो. पाऊस ओसरलेला असतो, जमीन आतून ओली आणि वरून तापलेली असते. त्या उन्हात तिखाडी नावाच्या गवताचं पातं चिमटीत चुरडलं की नाकात झणका जातो, दिवसभर बोटांचा वास जात नाही. पवन्या गवत तेव्हा तांबूस व्हायला लागतं. मारवेलाच्या काड्या चावल्या तर गोड लागतात. आणि कुसळ! त्याची टोकदार बी पायमोज्यात अशी घुसते, की काढता काढता संध्याकाळ होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ही म्हण आपण सगळेच वापरतो, पण ज्यांनी कुसळ पाहिलंय असे किती उरलेत? मी पाहिलंय. स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसायला मात्र मला दोन वर्षं लागली.

ती गोष्ट आपला जिल्हा अजून मध्यप्रदेशात होता तेव्हाची. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. मी नागपूरच्या शेतकी कॉलेजातून पास होऊन सरकारी नोकरीत लागलो होतो. खात्याचं नाव लिहीत नाही, गावाचंही लिहीत नाही. गाव आर्वीच्या वरच्या अंगाला, टेकड्यांच्या पायथ्याशी होतं एवढं पुरे. पुलगावहून आर्वीला जाणारी ती छोटी गाडी, माणूस उतरून शेजारून चालला तर गाडीच्या आधी पोचेल अशी, तिनं आर्वी गाठायची आणि पुढे सायकल.

गावाला रमना होता. आमच्याकडे राखून ठेवलेल्या गवताच्या रानाला रमना म्हणतात. पूर्वी तो मालगुजाराचा होता, मग पंचायतीचा झाला. मृग लागला की रमना बंद. दिवाळीपर्यंत त्यात जनावर जायचं नाही, विळा लागायचा नाही. दिवाळीच्या सुमाराला गवत कापून घरटी वाटून द्यायचं, आणि पाडव्याला, गायगोधनाच्या दिवशी, गावची गुरं वाजतगाजत कापलेल्या रानात सोडायची. मग ती जेठापर्यंत तिथं चरत. हे सगळं बऱ्याच गावांत होतं. या गावाचं वेगळेपण पुढच्या नियमात होतं: रमन्यात पडलेलं शेण कोणी उचलायचं नाही.

हा नियम किती कडक होता हे कळायला तेव्हाची चूल आठवावी लागेल. गोवरी हे घरोघरचं जळण. रस्त्यात पडलेल्या शेणाच्या पोवट्यासाठी दोन बायका एकमेकींच्या झिंज्या धरत. अशा दिवसांत अख्ख्या गावची गुरं सहा महिने जिथं चरतात, तिथलं शेण तसंच सोडायचं! आणि गाव सोडत होतं. कारण रमन्याच्या बांधावर बाभळीची काठी घेऊन सगुणामाय उभी असायची.

सगुणामाय रमन्याची राखणदार होती. आधी तिचा नवरा राखण करायचा. तो गेल्यावर गावानं काम तिच्याकडेच ठेवलं. पन्नाशीची उंच बाई, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, कपाळ कोरं, आवाज टेकडीवर आपटून परत येईल असा. शेत नाही, मूल नाही. राखणीबद्दल नाल्याकाठची गवताची एक पट्टी तिची. त्या पट्टीवर तिची एक गाय जगायची, पांढरीशुभ्र, गवळाऊ जातीची, नाव चांदी. आणि चांदीच्या दुधावर सगुणामाय जगायची. म्हणजे रमना होता तोवर ती होती, इतकं ते सरळ होतं.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते चैत्रात, पाहणीला गेलो तेव्हा. दुसऱ्या गावाहून आलेली एक नवी सून रमन्यातून शेणाची पाटी भरून निघाली होती. सगुणामायनं तिला वाटेत अडवलं.

"ठेव खाली. ठेव म्हनतो ना! कोनाची सून होय वं तू? सासूनं सांगतलं नाई काय तुले?"

"मले नाई माईत, माय. एक पाटीच त भरली."

"एक नाई अन् अर्धी नाई. जथून उचललं तथी नेऊन ठेव. रमन्याचं रमन्याले."

पोरगी रडत रडत परत गेली. सगुणामाय मागं गेली, तिनं ओतलेलं शेण काठीनं फोडून चारी बाजूंना उडवलं, आणि मग त्याच पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून तिला आपल्या घरच्या दोन गोवऱ्या देते म्हणाली. मी सायकल धरून हे पाहत होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. आर्वीला परतल्यावर मी माझ्या वरच्या साहेबांना ही गोष्ट रंगवून सांगितली. शेणाची राखण करणारी बाई! साहेब पोट धरून हसले. त्या हसण्याच्या जोरावरच मी त्यांच्या मर्जीतला झालो.

ते हसू आठवलं की आज माझ्या कानशिलात आग होते.

मी वडनेरचा, शाळामास्तराचा मुलगा. आमच्या घरी आई पहाटे शेण काढायची, गोवऱ्या थापायची, आणि वडील माझ्याकडे पाहून रोज एकच वाक्य म्हणायचे, "शिकला नाहीस तर शेण काढत बसशील." महाराष्ट्रातल्या कितीतरी बापांनी हे वाक्य कितीतरी पोरांना ऐकवलंय. मीही शिकलो तो शेणापासून सुटायला. शेतकी कॉलेजातसुद्धा मला आवडायचं ते बाटलीतलं, पोत्यातलं, कागदावरच्या सूत्रातलं. ज्याला वास नाही ते शास्त्र, अशी माझी समजूत. माझ्या वडिलांवर मला राग नाही, ते गेले बिचारे. त्या वाक्यावर आहे. शेण काढणाऱ्या माणसाला काही कळत नाही, हे त्या वाक्याच्या पोटात होतं आणि मी ते दुधासारखं पिऊन मोठा झालो.

आषाढात पोती आली. छोट्या गाडीनं आर्वीला, आर्वीहून बैलगाडीनं गावात. रमन्याच्या एका मोठ्या तुकड्यावर सल्फेट टाकून गवत किती वाढतं ते लोकांना दाखवायचं, असा हुकूम होता. त्याला प्रात्यक्षिक म्हणायचं. हुकमाच्या शेवटच्या ओळीत होतं, सदर पुरवठा एका हंगामापुरता आहे. तो कागद मी वाचला होता. मिळाल्याची सही माझी होती. कागद माझ्या खिशात होता.

देवळापुढं सभा भरली. पोतं उघडून मी मूठभर खत लोकांच्या हातावर दिलं. कोणी जिभेला लावून पाहिलं आणि थुंकलं. एक म्हातारा म्हणाला, "मीठ होय का साखर होय?" सगळे हसले. मग मी भाषण केलं. गवताला नत्र लागतं, नत्रानं पातं हिरवं होतं, वाढतं. हे सगळं खरं होतं. चांगली सुरुवात नेहमी खऱ्यानंच होते. मग तोंडाला चव आली आणि मी म्हणालो, "या एका पोत्यात तुमच्या अख्ख्या उकिरड्याचं बळ आहे."

सरपंच नामदेवराव पुढारी माणूस, डोक्यानं चलाख. त्यांनी लगेच विचारलं, "मंग सायेब, रमन्यातलं शेन उचलाले काई हरकत नाई?"

बायकांच्या बाजूला एकदम कुजबुज झाली. तिकडं पाहून मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. एका वाक्यात मी इतक्या चुली पेटवू शकत होतो.

"काही हरकत नाही," मी म्हणालो.

तेव्हा मागून सगुणामाय उठली. सभेत ती बोलत नसे. पदर नीट करून म्हणाली, "सायेब, एक इचारू काय? गवताले एकदा हे तोंडाले लागलं का ते दरसाली मागन. पुढच्या साली येईन काय पोतं?"

सगळं गाव माझ्याकडं पाहायला लागलं. साहेब खुर्चीत बसले होते, फोटो काढणारा आला होता. खिशातला कागद मला छातीवर जाणवत होता.

मी म्हणालो, "येईल."

"तुमी सांगता त येईन," ती म्हणाली आणि खाली बसली.

हवेचे पाच वाटे केले तर जवळपास चार वाटे नत्र असतं. आपण त्यातच उठतो, बसतो, त्यातच मरतो. पण भुकेलेल्या गवताला ते हवेतून घेता येत नाही. कोणीतरी ते धरून, शिजवून त्याच्या मुळाशी आणून द्यावं लागतं. हे काम शेंगा धरणारी झाडं करतात, त्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू करतात. कॉलेजच्या परीक्षेत मला यावर प्रश्न आला होता. मी गाठींची सुरेख आकृती काढली होती, बाण दाखवून नावं लिहिली होती. मास्तरांनी ती आकृती वर्गात फिरवली होती.

श्रावणात एका सकाळी, पोती बांधावर रचून ठेवलेली, मजूर यायचे होते, तेव्हा सगुणामाय माझ्यासमोर येऊन उकिडवी बसली. तिनं गवतात हात घालून जमिनीसरशी पसरणारं एक रोपटं उपटलं. बारीक गोल पानं, जांभळट फूल.

"हे वयखता काय, सायेब?"

"शेवरा."

"अन् ह्याच्या मुयाले हे काय होय?"

तिनं माती झटकून मुळी माझ्या तळहातावर ठेवली. मुळीला मोहरीएवढ्या गाठी होत्या, ओल्या, गुलाबीसर. माझी परीक्षेतली आकृती माझ्या हातात होती, आणि तिला मातीचा वास येत होता.

"हे गवताचं दूध होय," ती म्हणाली. "शेवरा जथी हाय, तथी पवन्या पाहा कसा कायाभोर होते. अन् जथी गाय उभी राह्यते, मुतते, तथी बी. बाकी रान कसं फिक्कं. माह्या मालकानं दाखवलंतं मले."

मी म्हणालो, "हो, यात जिवाणू असतात. ते हवेतलं नत्र धरतात."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमाले ठाऊक हाय?"

"पुस्तकात आहे."

"तुमाले ठाऊक हाय, मंग हे पोतं काऊन आनून राह्यले?"

तिनं हे टोचून विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. मी म्हणालो, "सगुणामाय, तुला जास्त गवत नको का?"

"जास्त घेऊन काय करू, सायेब? गाईले खाता आलं पायजे."

तेवढ्यात मजूर आले. मी हात धोतराला पुसून उठलो. ती मुळी तिथंच कुठं तरी पडली. मग आम्ही दिवसभर रमन्यात मुठीमुठीनं पांढरे दाणे फेकले, आणि पहिली मूठ मी फेकली, कारण फोटो त्याचा निघायचा होता.

गवत वाढलं, हे कबूल केलंच पाहिजे. असं वाढलं की गावानं बोटं तोंडात घातली. बांधापलीकडचं रान मांडीला लागत होतं आणि आमचा तुकडा छातीला. रंग असा गर्द, की दुरून ऊस वाटावा. साहेब जीपनं आले. मी त्या गवतात उभा राहिलो, फक्त खांदे आणि मुंडकं वर, आणि फोटो काढला. तो फोटो बरीच वर्षं माझ्याकडे होता. पुढे एका आश्विनात मी तो फाडला.

फोटोच्या दिवशी साहेब गेल्यावर सगुणामाय गवतात शिरली. दोन्ही हातांनी तिनं गवत फाकवलं.

"खाली पाहा ना, सायेब. तुमी वरतंच पाहून राह्यले."

खाली अंधार होता. त्या अंधारात शेवरा पिवळा पडून झोपला होता. रानमूग, रानउडीद, जमिनीला धरून राहणारी सगळी बारीकसारीक प्रजा ऊन न मिळून फुलायच्या आत गेली होती. जे झाड एकच वर्ष जगतं आणि ज्याला बी धरू दिलं नाही, ते पुढच्या वर्षी कुठून येणार? हे मला दिसत होतं. त्याहून वाईट म्हणजे हे मला कळत होतं. अडाणी माणसाला न कळून चूक होते, तिला क्षमा आहे. मी तर बाण काढून नावं लिहिलेला माणूस होतो.

मी तिला म्हणालो, "बघू पुढच्या वर्षी."

मग हत्तीचा, म्हणजे हस्ताचा, पाऊस आला. नक्षत्र जाता जाता दोन दिवस बदाबदा कोसळलं, आणि आमचं ते छातीएवढं गवत, पोसून मऊ झालेलं, सगळं आडवं झालं. बांधापलीकडचं मांडीएवढं रान वाकलं आणि ऊन पडताच उभं राहिलं. आमचं राहिलं नाही. खालून कुजलं. कापलं तेव्हा गाड्या भरल्या खऱ्या, पण गुरांनी जाड काड्या बाजूला सारून पानंच तेवढी ओरबाडली. चांदीनं तर नुसतं हुंगून तोंड फिरवलं. मी अहवालात गवताची उंची लिहिली. गुरांनी किती खाल्लं असा रकानाच त्या फॉर्मात नव्हता, आणि रकाना नाही म्हणून मी खूश झालो, हे आज लिहिताना मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मला शाबासकीचं पत्र आलं.

त्या उन्हाळ्यात रमन्यातलं शेण उचललं गेलं. बायका पाट्या घेऊन उजाडता उजाडता जात आणि दुपारपर्यंत रान झाडून पुसून लख्ख. मी त्यांना दोष देत नाही. ज्यांना फुंकणीनं डोळे फुटेपर्यंत फुंकावं लागतं, त्यांनी साहेबाच्या तोंडून हरकत नाही ऐकल्यावर का थांबावं? सगुणामाय पहिले काही दिवस बांधावर उभी राहून ओरडली. मग नामदेवरावांनी पंचायतीत ठराव केला, की रमन्याला आता वेगळी राखण नको. पोतं असल्यावर राखायचं काय? नाल्याकाठची पट्टी पंचायतीकडे परत गेली.

हे मला नामदेवरावांनीच आर्वीच्या बाजारात अभिमानानं सांगितलं. मी बरं म्हणालो. नुसतं बरं! माझ्या तोंडात तेव्हा जीभ होती, शिक्का होता, सायकल होती. गावात जाऊन एवढं सांगायचं होतं, की पोतं येणार नाही, शेण उचलू नका, बाईला काढू नका. तीन वाक्यं. पण ती बोलायची तर आधी चौथं बोलावं लागलं असतं, की मी खोटं बोललो होतो.

पोती आली नाहीत. आषाढ गेला, श्रावण गेला. मीही गेलो नाही. दुसऱ्या तालुक्यात प्रात्यक्षिकं चालली आहेत, वेळ नाही, असं स्वतःला सांगत राहिलो. आश्विनात एका कामासाठी त्या रस्त्यानं जावंच लागलं.

रमना दुरूनच फिक्का दिसला. जवळ गेलो तर सगळं कुसळ. ज्याला काही लागत नाही, कुठंही निभतं, ते तेवढं उरलं होतं. पवन्या विरळ, मारवेल शोधावं लागेल. शेवरा मी गुडघ्यावर बसून शोधला. धोतरभर कुसळं टोचली, पण शेवरा सापडला नाही. जिथं आदल्या वर्षी तो माझ्या तळहातावर होता तिथं जमीन उघडी पडून तडकली होती. बांधालगत गावची गुरं होती. पोटाला काही नाही म्हणून पंचायतीनं दिवाळीआधीच रमना उघडला होता. कधी नव्हे ते झालं होतं. एका गोऱ्ह्याच्या जबड्यात कुसळ रुतून गाठ आली होती आणि त्याची लाळ थांबत नव्हती.

तेवढ्यात गाडीवाटेनं सगुणामाय आली. डोक्यावर पाटी. मला वाटलं, तीही शेण वेचायला लागली, बरोबरच आहे, पोट सगळ्यांना असतं. पण ती रमन्यातून बाहेर येत नव्हती, आत जात होती. रस्त्यावरचं, गावकुसावरचं वेचलेलं शेण तिनं रानात नेऊन ओतलं, काठीनं फोडलं, आणि पायानं सारखं केलं. एवढ्या मोठ्या रानाला ती एक पाटी म्हणजे उंटाच्या तोंडात जिरं. रिकामी पाटी घेऊन ती परत फिरली आणि मी समोर दिसलो.

"चांदी कुठं आहे?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"भावाकडं धाडली, नाचनगावले. मी बी जाईन आता. भाऊ बलावून राह्यला."

"मग हे कशाला?"

"माह्या राखनीतून एवढं शेन गेलंतं ना. जाच्या आधी जमते तेवढं टाकून राह्यली."

मी म्हणालो, "सगुणामाय, चूक झाली." खरं तर चूक हा शब्दही खोटाच होता.

ती थांबली. तिला राग आला असता तर मी सुटलो असतो. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घरी नेल्या असत्या आणि आज इतका कडवट म्हातारा झालो नसतो. पण ती कोणाला तरी समजावून सांगावं तसं म्हणाली, "सायेब, नाई येनार म्हनून सांगतलं असतं ना, त आमी शेन नसतं उचलू देल्लं. गवत कमी आलं असतं त आलं असतं. तुमी येईन म्हनले."

मग पाटी काखेत मारून ती गाडीवाटेनं निघून गेली. पुढं ती नाचणगावला किती वर्षं जगली, चांदीचं काय झालं, मला माहीत नाही. पुलगाव स्टेशनावर मी किती वेळा उतरलो असेन. नाचणगाव तिथून हाकेच्या अंतरावर. एकदाही पाऊल वळलं नाही.

माझी बढती झाली. नोकरीत मी पुष्कळ गावांत पुष्कळ पोती पोचवली, आणि सगळं वाईटच केलं असंही नाही. खत हे पाप नाही. पोटं त्यानं भरली, हे मला माझ्या डोळ्यांनी दिसलंय आणि ते नाकारणारे भोंदू मला आवडत नाहीत. पण कोणत्याही गावात सभा संपत आली, एखादी बाई मागून उठली, आणि "एक इचारू काय?" म्हणाली, की माझा हात आपोआप खिशाकडे जायचा.

परवा पुन्हा खाली उतरलो. सुरेशनं टाकलेल्या युरियानं हिरवळ खरंच तरारली होती. नळाच्या ओट्याकडेला, जिथं त्याची मूठ पोचली नव्हती, तिथं शेवऱ्याचं एक रोपटं होतं. एवढ्या वर्षांनी, वर्ध्यात, सिमेंटच्या फटीत! मी ते उपटून मुळी त्याला दाखवली. तो म्हणाला, "कीड लागली जी याले. बरं केलं काढलं, नाईतर साऱ्या लॉनीत पसरलं असतं."

मी ओरडलो नाही. नातू वरून पाहत होता, त्याला नवल वाटलं असेल. मला वाटलं, आता तरी ते राहिलेलं काम करावं.

कारण पहिल्या वर्षीचा अहवाल मी चार प्रतींत पाठवला होता. दुसऱ्या वर्षीचा कोणी मागितला नाही आणि मी पाठवला नाही. फॉर्म तोच घेतो. जे रकाने त्यात नव्हते ते माझ्या हातानं आखतो.

गवताची उंची: घोट्याएवढी. गवताची जात: कुसळ. शेवरा: नाही. गुरांनी खाल्ले काय: खाण्याजोगे नव्हते. रमन्यातील शेण: उचलले. राखणदार: काढली. पोती: आली नाहीत. येतील असे कोणी सांगितले: मी. येणार नाहीत हे सांगणाऱ्यास माहीत होते काय: होते. कागद खिशात होता.